एका शहरात उतरा, दुसऱ्यातून परता: ओपन-जॉ तिकीट कसं काढायचं

अष्टविनायक यात्रा रीतीप्रमाणे करायची तर मोरगावला सुरुवात करून आठही गणपती झाले की पुन्हा मोरगावलाच यायचं. विमानप्रवासाला असा कुठलाही नियम नाही. तरीही पॅरिसला उतरलेला माणूस सगळा युरोप पालथा घालून परतीसाठी पॅरिसच गाठायला धडपडतो, कारण तिकीट काढताना त्याने सवयीने ‘राउंड ट्रिप’ दाबलेलं असतं.

मीही दाबलं होतं. पॅरिसला उतरलो, स्वित्झर्लंड बघत रोमपर्यंत खाली आलो आणि मग मुंबईचं विमान पॅरिसहून म्हणून रोमहून पुन्हा पॅरिस. त्याचं वेगळं तिकीट, त्यावर बॅगांचे वेगळे पैसे, दोन्हीकडे विमानतळापर्यंतचं जाणं-येणं. वर शेवटच्या रात्री विमानतळाशेजारचं हॉटेल, जिथून आयफेल टॉवर तर सोडाच, बरा चहासुद्धा नजरेच्या टप्प्यात नव्हता. सुट्टीचा एक अख्खा दिवस गेला तो वेगळाच.

यावर उपाय सोपा आहे. जाताना मुंबई ते पॅरिस, येताना रोम ते मुंबई, आणि दोन्ही एकाच तिकिटात. याला ‘ओपन-जॉ’ म्हणतात, म्हणजे उघडा जबडा. नकाशावर दोन्ही उड्डाणांच्या रेघा मारा. मुंबई हा जबड्याचा सांधा, पॅरिस आणि रोम ही दोन टोकं, आणि मधली मोकळी जागा तुम्ही रेल्वेने, गाडीने, हवं तसं भरून काढायची. याचा उलटा प्रकारही असतो: पुण्याहून निघायचं आणि परत मुंबईत उतरायचं. अमेरिकेतून लग्नाला येणारी मंडळी मुंबईत उतरून सासर-माहेर करत हैदराबादहून परत जातात, तेही हेच.

आधी देशातल्या देशात हात बसवा

पहिल्यांदाच करणार असाल तर परदेशापासून सुरुवात करू नका. देशांतर्गत प्रवासात याचा काही ताप नाही, कारण आपल्याकडे देशातलं परतीचं तिकीट म्हणजे बहुतेक वेळा दोन एकेरी तिकिटांची साधी बेरीज असते. कोचीला उतरून तिरुवनंतपुरमहून निघालात काय किंवा बागडोगऱ्याला उतरून गुवाहाटीहून निघालात काय, शहर बदलल्याचा दंड लागत नाही. गोव्यात तर एकाच राज्यात हे करता येतं. उत्तरेकडे मोपा, दक्षिणेकडे दाबोळी. हरमलपासून सुरुवात करून पाळोळेला संपवणाऱ्याने दोन्ही विमानतळ वापरावेत.

पण माझ्या मते या पद्धतीचं सगळ्यात चोख उदाहरण लडाखचं आहे. जाताना श्रीनगर, येताना लेह. इथे प्रश्न फक्त पैशांचा नाही, श्वासाचा आहे. श्रीनगर साधारण १,६०० मीटरवर आणि लेह ३,५०० मीटरवर. मुंबईहून थेट लेहला उतरलात तर शरीराला पहिले दोन दिवस काही कळत नाही. डोकं दुखतं, झोप लागत नाही. श्रीनगरहून रस्त्याने गेलात तर मधे सोनमर्ग, मग झोजी ला (‘ला’ म्हणजे खिंड), रात्री कारगिल, दुसऱ्या दिवशी ४,१०० मीटरवरचा फोटू ला आणि मग लेह. शरीर टप्प्याटप्प्याने वर चढतं. सगळ्यांचाच त्रास टळतो असं नाही, पण फरक पडतो. उलट केलंत, म्हणजे जाताना लेह आणि येताना श्रीनगर, तर तिकिटाचा खर्च तोच राहील आणि हा फायदा मात्र हातचा जाईल. ओपन-जॉमध्ये दिशा किती महत्त्वाची असते ते इथे नीट समजतं.

या मार्गाच्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. श्रीनगरची टॅक्सी तुम्हाला लेहला सोडते, पण तिच्या रिकाम्या परतीचं भाडंही तुमच्याच खिशातून जातं. शिवाय पँगाँग किंवा नुब्राला नेण्यासाठी लेहमध्ये स्थानिक टॅक्सीच करावी लागते. दुसरं, लेहची बहुतेक विमानं सकाळीच सुटतात, दुपारी वारा वाढतो म्हणून. हवा बिघडली की उड्डाण रद्द. त्यामुळे लेह-दिल्ली आणि दिल्ली-मुंबई ही दोन तिकिटं वेगवेगळ्या कंपन्यांची काढू नका. एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असतील तर पहिलं विमान चुकल्यावर पुढची सोय लावणं कंपनीच्या गळ्यात पडतं. वेगळी असतील तर दिल्लीत उभं राहून नवं तिकीट तुम्हीच काढायचं. तिसरं, झोजी ला हिवाळ्यात बर्फाने बंद होतो. ही आखणी उन्हाळ्याची, दिवाळीनंतरची नाही.

परदेशाचं गणित वेगळं का

आता खरा मुद्दा. परदेशी जाणाऱ्या मोठ्या कंपन्यांची एकेरी तिकिटं अनेकदा अवाच्या सवा महाग असतात. कधीकधी एकेरी तिकीट परतीच्या तिकिटाच्या जवळपास जातं. म्हणून मुंबई-पॅरिस एकेरी आणि रोम-मुंबई एकेरी असं वेगवेगळं शोधणारा माणूस किंमत बघून हबकतो आणि ‘हे आपल्याला परवडणारं नाही’ म्हणून नाद सोडतो. चूक तिथेच होते. ओपन-जॉ एकाच तिकिटात मागितलं की कंपनी ते बहुधा दोन अर्ध्या परतीच्या भाड्यांतून बांधते: पॅरिसच्या परतीच्या भाड्याचं अर्धं अधिक रोमच्या परतीच्या भाड्याचं अर्धं.

त्यामुळे तुमच्या हातात एक सोपी पट्टी येते. आकडे फक्त समजण्यासाठी घेतो. समजा मुंबई-पॅरिस परतीचं तिकीट ५२,००० आणि मुंबई-रोम परतीचं ४८,००० दिसतंय. तर ओपन-जॉ ५०,००० च्या आसपास यायला हवं. ५३,००० आलं तरी घ्या. ७०,००० आलं तर कुठेतरी गाडी रुळावरून घसरली आहे. तारीख बदलून पाहा, कंपनी बदलून पाहा, टोकाचं शहर बदलून पाहा. रोमऐवजी मिलान चालेल का ते बघा.

तिकीट शोधताना

गूगल फ्लाइट्स किंवा तत्सम कुठल्याही संकेतस्थळावर वरच्या बाजूला राउंड ट्रिप, वन वे आणि मल्टी-सिटी असे तीन पर्याय असतात. आपल्याला मल्टी-सिटी हवं. पहिल्या ओळीत मुंबई ते पॅरिस आणि जायची तारीख, दुसऱ्या ओळीत रोम ते मुंबई आणि यायची तारीख. पॅरिस ते रोम ही ओळ घालू नका. ती घातलीत तर ते विमानही तिकिटात शिरतं आणि मग जमिनीवरून जायची मोकळीक संपते.

शोधायच्या आधी मात्र एक कागद घ्या. त्यावर चार आकडे लिहायचे: फक्त पॅरिसचं परतीचं तिकीट, फक्त रोमचं परतीचं तिकीट, दोन्हींचं ओपन-जॉ आणि दोन एकेरी तिकिटांची बेरीज. चौथा आकडा गमतीसाठी नाही. स्वस्त कंपन्या एकेरी भाडी वेगळी विकतात, त्यामुळे आग्नेय आशियाकडे जाताना कधीकधी हाच आकडा सगळ्यात कमी निघतो.

पहिल्या दोन आकड्यांत मग परत फिरण्याचा खर्च मिळवा: रोम-पॅरिस विमान, त्यावरची बॅग, दोन्ही विमानतळांपर्यंतची गाडी, आणि गेलेल्या दिवसाचं हॉटेल. बहुतेक लोक इथेच हिशेब अर्धवट सोडतात. ओपन-जॉ तीन-चार हजारांनी महाग दिसतंय म्हणून साधं परतीचं तिकीट घेतात आणि मग तिकडे माणशी दहा-बारा हजार घालवतात. चार जणांचं कुटुंब असेल तर आकडा कुठे जातो ते तुम्हीच बघा.

कंपनी निवडताना दोन्ही शहरांना जाणारी एकच कंपनी सापडली तर उत्तम. आखाती कंपन्या इथे कामाला येतात, कारण दुबई, दोहा किंवा अबूधाबीहून त्यांची विमानं युरोपातल्या बऱ्याच शहरांना जातात. तसं नसेल तर एकाच गटातल्या कंपन्या बघा. एअर इंडिया, लुफ्तान्सा आणि स्विस या तिघी स्टार अलायन्समध्ये आहेत. जाताना फ्रँकफर्टमार्गे एक आणि येताना झुरिकमार्गे दुसरी असं एकाच तिकिटावर बसू शकतं. गटाबाहेरच्या दोन कंपन्यांची मोट बांधली की किंमत वाढते, आणि काही घोळ झाला तर दोघीही एकमेकींकडे बोट दाखवतात.

एक तांत्रिक खूण सांगून ठेवतो. तिकीट हातात आल्यावर दोन उड्डाणांच्या मधे कधीकधी ‘एआरएनके’ अशी अक्षरं दिसतात. घाबरू नका, तिकीट चुकलेलं नाही. मधला टप्पा प्रवासी आपल्या सोयीने करणार आहे, एवढाच त्याचा अर्थ.

शोध कुठेही घ्या, पण तिकीट शक्यतो विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढा. ओपन-जॉमध्ये एका टोकाची तारीख बदलायची वेळ आली तर अख्ख्या तिकिटाची किंमत नव्याने मोजली जाऊ शकते. अशा वेळी मधे दलाल असला की त्याचे बदलाचे पैसे वेगळे आणि फोनवरचं संगीत वेगळं.

कुठे उतरायचं, कुठून निघायचं

हे ठरवताना नकाशा, करव्यवस्था आणि हवामान तिन्ही बघायची.

लंडन-पॅरिसचं उदाहरण घ्या. ब्रिटनमधून उडणाऱ्या प्रवाशावर तिथलं सरकार ‘एअर पॅसेंजर ड्युटी’ नावाचा कर लावतं. तो फक्त तिथून निघताना लागतो, तिथे उतरताना नाही. भारताइतक्या अंतराला इकॉनॉमीतसुद्धा तो माणशी १०० पौंडांच्या आसपास जातो. इकॉनॉमीतल्या १६ वर्षांखालच्या मुलांना माफ आहे. म्हणजे लंडन आणि पॅरिस दोन्ही बघायची असतील तर लंडनला उतरा आणि पॅरिसहून निघा. मधे युरोस्टार रेल्वे आहे, साधारण सव्वादोन तास. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनवर गाडीत चढण्याआधीच सामानाची आणि पासपोर्टची तपासणी होते, तेव्हा आपल्या लोकलसारखं धावत जाऊन पकडता येत नाही.

जपानचं गणित निराळं. टोकियोला उतरून ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून निघणं तिथे अगदी रुळलेलं आहे. पूर्वी लोक टोकियोलाच परत यायचे, कारण जपान रेल्वेचा सात दिवसांचा पास घेतला की शिंकान्सेनच्या, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेनच्या, फेऱ्या वसूल व्हायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो पास २९,६५० येनवरून थेट ५०,००० येनवर गेला. टोकियो ते ओसाका एकेरी तिकीट मात्र १४,००० येनच्या आसपास पडतं. आता पास विसरा, एकदाच जा आणि तिथूनच घरी या. जुन्या प्रवासवर्णनांतला ‘पास घ्याच’ हा सल्ला आता धरून बसू नका.

पॅरिस-रोम मार्गावर पॅरिस ते झुरिक रेल्वेने चार तास. झुरिक ते मिलान सव्वातीन तासांच्या आसपास, त्यात ५७ किलोमीटरचा गोटहार्ड बोगदा लागतो. पुढे फ्लॉरेन्स दोन तासांच्या आत आणि तिथून रोम दीड तास. एकाच दिशेने सरकत जायचं, मागे वळून बघायचं नाही. हाच मार्ग उलटा केलात तरी चालतो. जुलै-ऑगस्टमध्ये रोम तापलेलं असतं, तेव्हा थकून शेवटी तिथे पोचायचं की ताजेतवाने असताना आधी बघायचं, हे घरातल्या ज्येष्ठांना विचारून ठरवा.

गाडी भाड्याने घेणार असाल तर सावध. एका शहरात घेऊन दुसऱ्यात सोडली की ‘वन-वे’ आकार लागतो, आणि दुसऱ्या देशात सोडली तर तो आकडा पाहून तुम्ही रेल्वेकडेच वळाल.

व्हिसाची गाठ

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, कुठल्या देशाकडे मागायचा यात ओपन-जॉवाले हमखास गोंधळतात. ‘आम्ही पॅरिसला उतरतोय, म्हणजे फ्रान्सचा’ हे बरोबर असेलच असं नाही. जिथे सगळ्यात जास्त मुक्काम, त्या देशाकडे अर्ज. फ्रान्स ३ रात्री, स्वित्झर्लंड ४, इटली ५ असेल तर इटलीकडे. सगळीकडे सारख्याच रात्री असतील, तरच जिथे पहिल्यांदा पाऊल टाकणार त्या देशाकडे. म्हणून तिकीट काढण्याआधी रात्री मोजा. हॉटेलांची बुकिंगं आणि अर्ज यांचा मेळ बसला पाहिजे. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये आहे. ब्रिटन दोन्हीत नाही, त्यामुळे लंडन-पॅरिस करणाऱ्याला दोन वेगळे व्हिसा लागतात.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. पण उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी अपॉइंटमेंटच लवकर मिळत नाही, तेव्हा १५ दिवसांवर विसंबू नका. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, आणि प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. अर्जासोबत जाण्या-येण्याचं आरक्षण दाखवायचं असतं, पण व्हिसा मिळेलच याची खात्री कुणी देत नाही. म्हणून परतावा मिळणारं किंवा कमी कपातीत रद्द होणारं भाडं घ्या. दोन-तीन हजार जास्त गेले तर जाऊ देत.

इथेही एकाच तिकिटाचा फायदा दिसतो. जाणं आणि येणं एकाच कागदावर असल्यामुळे व्हिसा अधिकाऱ्याला किंवा मुंबईच्या काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला ‘परतीचं तिकीट कुठंय?’ असं विचारावं लागत नाही. दोन एकेरी तिकिटं असतील तर दुसऱ्याची छापील प्रत हाताशी ठेवा, फोनची बॅटरी नेमकी तिथेच संपते.

पैसे भरण्याआधी

तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणे. आपल्याकडे बऱ्याचदा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टच्या ‘गिव्हन नेम’ मध्ये असतं. असेल तर तिकिटातही घाला, आडनावाच्या रकान्यात कोंबू नका.

तारीख दोनदा वाचा. मुंबईहून युरोपची पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. १२ मेला पहाटे २ चं विमान म्हणजे ११ मेला रात्री जेवून घराबाहेर पडायचं. ‘१२ तारखेचं आहे’ म्हणून १२ ला रात्री विमानतळावर पोचलेलं कुटुंब मी स्वतः पाहिलंय, आणि त्या काकांचा चेहरा अजून विसरलेलो नाही.

विमानतळ कुठला तेही बघा. मिलानला मालपेन्सा शहरापासून ५० किलोमीटर लांब आहे, लिनाते जवळ. टोकियोला नारिता लांब, हानेदा जवळ. आणि आता आपल्याकडेही हा प्रश्न आला आहे: नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला, त्यामुळे ‘मुंबई’ एवढंच वाचून ओला-उबर बोलावू नका. पुण्या-नाशिकहून स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांनी तर जास्त जपावं. एका विमानतळावर गाडी लावून दुसऱ्यावर उतरलात, तर बॅगा घेऊन आधी गाडी आणायला जावं लागेल.

प्रवासात पाळायच्या दोन गोष्टी

पहिली: तिकिटातलं पहिलं उड्डाण सोडू नका. ‘मी आधीच युरोपात आहे, जाण्याचं विमान नको, फक्त परतीचं वापरतो’ असं चालत नाही. पहिल्या विमानाला हजर राहिला नाहीत की पुढचं उड्डाण आपोआप रद्द होतं. तिकीट क्रमानेच वापरायचं असतं.

दुसरी: मधला टप्पा सर्वस्वी तुमच्या जबाबदारीचा. रोमला जाणारी रेल्वे संपामुळे रद्द झाली आणि मुंबईचं विमान चुकलं तर विमान कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नाही. फ्रान्स आणि इटलीत रेल्वेचे संप नवलाचे नाहीत. इटलीत ‘शोपेरो’ हा शब्द स्टेशनवर दिसला की समजा आज काही खरं नाही. म्हणून निघायच्या शहरात आदल्या रात्री मुक्काम हवाच. विमान रात्रीचं असलं तरीही. रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून फ्युमिचिनो विमानतळाला लिओनार्दो एक्स्प्रेस ३२ मिनिटांत जाते, त्यामुळे शेवटची रात्र विमानतळाशेजारी नाही तर शहरातच काढता येते, आणि मी केलेली चूक टळते.

एक गैरसोय मात्र आहे. उतरलेल्या शहरात हॉटेलवर जादा बॅगा ठेवून मोकळ्या हातांनी फिरायची सोय ओपन-जॉमध्ये राहत नाही. भडंग, लाडू, लोणच्याच्या बरण्या आणि सहा जोडी कपडे घेऊन पॅरिसला उतरलात तर ते सगळं प्रत्येक रेल्वेत तुम्हालाच चढवायचं आहे, आणि झुरिकच्या फलाटावर हमाल नसतो. खरेदी शेवटच्या शहरासाठी राखून ठेवा. खाण्याचं सामान मात्र पहिल्या तीन दिवसांत संपवा.